ड्रिलिंग रायझरला टेन्शनर कशाला लागतो?
बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरचं काम शिकताय म्हणून तिथूनच सांगतो. रायझर म्हणजे समुद्रतळावरच्या बीओपीपासून (विहिरीचं तोंड बंद करणारा झडपांचा संच) विहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगपर्यंतचा पोलादी पाइप, बहुतेकदा 21 इंच व्यासाचा. नुसता खाली टेकवला तर स्वतःच्याच वजनाने वाकेल. आपल्या शिवारातला लांब ऊस बुडख्यावर उभा करून बघा, लगेच कलतो. शेंडा धरून वर ओढला की सरळ. ती ओढ टेन्शनरची. लाटेबरोबर रिग वर-खाली होते तशी टेन्शनरच्या सिलिंडरची दांडी आत-बाहेर सरकते, आणि सिलिंडरला जोडलेल्या बाटल्यांतली दाबाची हवा ओढ जवळजवळ सारखी राखते. दांडीचा मुलामा मात्र जिवापाड जपायचा! खाऱ्या वाऱ्यात नखाला जाणवेल एवढा ओरखडासुद्धा दांडीभोवतीचं, गळती रोखणारं सील खातो.