सूत्र बघून मोजणी सोपी की अवघड हे कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणकशास्त्रज्ञ रोनाल्ड फेगिनने १९७४ मध्ये एनपीला (ज्यांचं उत्तर हातात दिलं तर ते पटकन तपासता येतं अशा प्रश्नांच्या वर्गाला) तर्कशास्त्राच्या भाषेत बसवलं, तर मोजणीच्या प्रश्नांचंही नुसतं सूत्र बघून ते सोपे की अवघड हे सांगता येईल का?

येतं, पण एकाच बाजूने. फेगिनच्या सूत्रात 'असा संच आहे का' असं विचारतात. इथे 'असे संच किती' असं विचारायचं. सलुजा, सुब्रह्मण्यम आणि ठाकूर यांनी १९९५ च्या पेपरात क्वांटिफायरवरून, म्हणजे सूत्रातल्या 'प्रत्येक' आणि 'आहे' या शब्दांवरून, याचे थर लावले. क्वांटिफायरच नसेल तर मोजणी पॉलिनॉमियल वेळात, म्हणजे झटपट, होते. नुसते 'आहे'वाले असतील (सिग्मा-वन) तर रँडम पद्धतीने हवा तितका जवळचा अंदाज काढता येतो. आधी 'प्रत्येक', मग 'आहे' अशी परवानगी दिली (पाय-टू) की अख्खं शार्प-पी (एनपीतल्या प्रश्नांची उत्तरं किती, हे मोजणाऱ्या प्रश्नांचा वर्ग) त्यात येतं.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने निघालो की दिघा गावानंतर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं ओळीने लागतात. यातली काही निवडा, पण लागून असलेली दोन एकदम नकोत. एकूण १६ निवडींपैकी अशा ८ भरतात. सूत्र: 'प्रत्येक लागून असलेल्या जोडीतलं किमान एक बाहेर'. यात नुसते 'प्रत्येक'वाले, म्हणजे पाय-वन. आता उलट मोजा: 'अशी एक जोडी आहे, जिच्यातली दोन्ही आत'. हे सिग्मा-वन. उत्तर १६ वजा ८.

साध्या ओळीत दोन्ही सोपं. पण कुठल्याही ग्राफवर (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यावर; इथे स्टेशन म्हणजे ठिपका, लागून असलेली जोडी म्हणजे रेष) दोन्ही नेमकं मोजणं सारखंच अवघड, कारण एकातून दुसरं वजाबाकीने मिळतं. अंदाजाचं मात्र तसं नाही, आणि मला इथेच खरी गंमत वाटते. उलट्या मोजणीत प्रत्येक स्टेशनासाठी नाणं उडवा. एक जरी जोडी असली तरी किमान चौथा हिस्सा निवडी 'हो' म्हणतात, त्यामुळे सँपलिंग चालतं. तोच अंदाज एकूणातून वजा करून सुलट्या मोजणीला लावायला जाल तर फसाल: उरलेली संख्या इतकी छोटी असू शकते की आधीची किरकोळ चूकच तिला गिळून टाकते. सुलट्या मोजणीला कुठल्याही ग्राफवर चालणारी अंदाजाची पद्धत निघालीच, तर एनपी आणि आरपी (रँडम पद्धतीने पटकन सुटणाऱ्या प्रश्नांचा वर्ग) एकच ठरतील.

आणि 'प्रत्येक' दिसलं म्हणून घाबरूही नका. दोन रंगांत ग्राफ रंगवण्याचे (जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग नको) प्रकार मोजायचं सूत्रही पाय-वनच असतं. तरी उत्तर एका ओळीचं: रंगवणं जमत नसेल तर शून्य, जमत असेल तर दोनाचा घात, सुट्या तुकड्यांच्या संख्येइतका.