अंतिम व बंधनकारक

चिरंजीव वकीलसाहेब,
अनेक आशीर्वाद.

हर्णैच्या जामीनदाराचे कागद वाचले. बोटीचं कर्ज भाच्याचं, जामीन मामाचा आणि बँकेचा आकडा मामाला मान्य नाही. तू लिहितोस, बँकेकडे भक्कम पुरावा आहे. भक्कम म्हणून भागायचं नाही रे. जामीनपत्रात लिहिलंय, ‘बाकी रकमेबाबत बँक अधिकाऱ्याचा दाखला निर्णायक पुरावा राहील.’

भक्कम पुराव्याविरुद्धही पुरावा देता येतो. सातबाराच घे. मुंबईकर चुलत्याचं नाव फेरफारात राहून गेलं म्हणून त्याचा हिस्सा बुडत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 157: नोंद खरी धरायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. निर्णायक पुराव्यात ही सोय नाही. एक गोष्ट शाबीत झाली की कायदा दुसरीही शाबीत धरतो आणि ती खोटी पाडायला पुरावा देऊच देत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 4 वाच. 1 जुलै 2024 पासून ती व्याख्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 2 मध्ये आहे.

कायदा स्वतः हे हत्यार क्वचितच काढतो. लग्न कायम असताना जन्मलेलं मूल औरस, हे त्यातलं ठळक. तिथेही नवराबायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, एवढं दाखवायची वाट ठेवली आहे. करारात मात्र लोक ते उदार हाताने लिहितात, आणि सही करणारा वाचत नाही.

मामाच्या कागदातली गंमत बघ. नुसत्या हिशेबवहीतल्या नोंदींवर कोणावर देणं लादता येत नाही, असं साक्ष्य अधिनियमाचं कलम 28 सांगतं. कायद्याने जे दिलं नाही ते बँकेने सहीच्या जोरावर मिळवलं. समोरचा वकील मुरलेला असेल तर 1973 चा इंग्लंडमधला निवाडा काढील. लॉर्ड डेनिंगच्या कोर्टाने असं कलम उचलून धरलं होतं. आधी पैसे भरा, हिशेबाचं भांडण मागाहून.

म्हणून दाखला नेमका कशाबाबत निर्णायक आहे ते शब्दन् शब्द तपास. इथे तो फक्त रकमेबाबत आहे. सही मामाचीच का, जामिनाची कमाल मर्यादा किती, दावा मुदतीत आहे का, हे सगळं खुलं आहे. दाखला करारात सांगितलेल्याच अधिकाऱ्याने दिलाय का? कनिष्ठाने सही ठोकली असेल तर तिथेच पकड. आणि लबाडी किंवा उघड बेरजेची चूक सापडली तर कोर्ट कलमाआड लपू देईल असं मला वाटत नाही. करार कायद्याच्या कलम 28 वर मात्र फार विसंबू नकोस. ते कोर्टात जायला मज्जाव करणाऱ्या अटींविरुद्ध आहे; मामाच्या जामीनपत्रातलं कलम कोर्टाचं दार अडवत नाही, आत काय दाखवता येईल ते आखडतं.

देवगडच्या आंबा बागायतदाराचा करार अजून सहीविना आहे, तिथे खरं काम आहे. ‘वाशीला पेट्या फोडल्यावर व्यापारी ठरवील ती प्रतवारी अंतिम व बंधनकारक’ यात ‘उघड चूक वा लबाडी वगळता’ घालून घे, आणि पेट्या फोडताना बागायतदाराचा माणूस हजर राहील असंही लिहून घे. व्यापारी कुरकुरेल, हंगाम तोंडावर असताना तोही फार ताणणार नाही.

मामाचा पहिल्या हप्त्यापासूनचा खातेउतारा लेखी अर्ज करून मागव आणि शनिवारी घेऊन ये.

तुझा,
काका