आटोपशीर दीर्घिका: खरोखर लहान की नुसती दिसायला?

प्रश्न : ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणाने प्रकाशलहरी किती ताणल्या गेल्या याचे माप; ती जितकी जास्त, तितकी दीर्घिका दूरची आणि दिसते ती पूर्वीची) २ च्या आसपास सूर्याच्या १०० अब्ज पट वस्तुमानाच्या, पण जेमतेम ३ हजार प्रकाशवर्षे त्रिज्येच्या लंबवर्तुळाकार दीर्घिका आढळतात असे वाचले. एवढ्या पुसट ठिपक्याची त्रिज्या मोजतात कशी? कडेचा अंधूक भाग नजरेतून सुटला असेल तर?

उत्तर : शंका रास्त आहे, खगोलशास्त्रज्ञांनीही पहिल्यांदा हीच घेतली होती. दीर्घिकेला काठ नसतो, म्हणून निम्मा प्रकाश ज्यात मावतो त्या वर्तुळाची त्रिज्या धरतात. त्या अंतरावर १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे, तेव्हा हे वर्तुळ ०.२२ विकला रुंद भरते. हबलच्या अवरक्त चित्रात नुसता ताराच ०.१५ विकलांहून अधिक पसरतो! त्यामुळे चित्रावर थेट मोजपट्टी लावून भागत नाही. त्याच चित्रातल्या, फार तेजस्वी नसल्याने संवेदकाची मर्यादा न ओलांडलेल्या ताऱ्यावरून दुर्बिणीचा पसारा, म्हणजे ती एका बिंदूला किती पसरवते ते, ठरवतात. सेर्सिक सूत्राने (केंद्राकडून बाहेर प्रकाश कसा घटतो ते सांगणाऱ्या) रचलेली दीर्घिका त्या पसाऱ्याने धूसर करतात आणि खऱ्या चित्राशी जुळेपर्यंत त्रिज्या, चपटेपणा व सेर्सिक अंक (प्रकाश केंद्राकडे किती एकवटला आहे ते सांगणारा) बदलत राहतात.

घात होतो तो बहुधा पार्श्वभूमीत. आकाशाची उजळी किंचित जास्त धरली, की बाहेरचा फिका प्रकाश वजा होतो आणि त्रिज्या घटते. शेजारची दीर्घिका झाकायची राहिली, तर त्रिज्या फुगते. त्यातच या ताम्रसृतीला पृष्ठतेज (आकाशातल्या ठरावीक क्षेत्रातून येणारे तेज) तीनाच्या (ताम्रसृती अधिक एक) चौथ्या घाताने, म्हणजे ८१ पटींनी मंदावते. यावर तोडगा म्हणून अनेक दीर्घिकांची चित्रे एकावर एक रचून पाहिली. तरीही भोवती मोठे, अंधूक प्रभामंडल निघाले नाही.

चित्रावर न विसंबणारा पुरावाही आहे. तेवढेच वस्तुमान लहान जागेत कोंबले, तर तारे वेगाने फिरायला हवेत. २००९ साली ताम्रसृती २.१९ च्या एका दीर्घिकेत वेगांची विखुरण (ताऱ्यांचे वेग सरासरीभोवती किती पसरले आहेत ते) सेकंदाला सुमारे ५१० किलोमीटर भरली. त्रुटी मोठी होती, आणि वर्णपटासाठी २९ तास प्रकाश गोळा करावा लागला होता.

प्रश्न : मग आज त्या गेल्या कुठे?

उत्तर : बहुतेक फुगल्या. समान वस्तुमानाच्या दोन दीर्घिका एकत्र आल्या तर त्रिज्या साधारण दुप्पट होते. तेवढेच वस्तुमान लहानलहान दीर्घिका गिळून वाढले तर जवळपास चौपट, कारण नवे तारे बाहेरच्या बाजूला साचतात. काही मात्र तशाच राहिल्या. ययाती दीर्घिकासमूहातली एनजीसी १२७७ ही त्यांतली ठळक. देवयानी दीर्घिकेजवळची एम ३२ ही दीर्घिका आटोपशीर असली, तरी तिला या रांगेत बसवू नये. ती फारच हलकी आहे.