दार उघडणाऱ्याचा मान

मंडळीतल्या प्रिय धाकट्या बंधूस,

सप्रेम सलाम.

आपल्या लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन, मंडळीकडून तुला मिशनचे, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेचे, बोलावणे आले आणि ते फिलिपीन्समधील बाकोलोदचे आहे, हे तुझ्या निरोपावरून कळले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत आधी उभे राहिले ते उसाचे फड. २००६ ते २००८ अशी दोन वर्षे मी त्याच निग्रोस बेटावर पांढरा सदरा, टाय आणि खिशावर काळा बिल्ला लावून पायी फिरलो. तयारी काय करावी, असे तू विचारले आहेस. शास्त्राचा अभ्यास, कपडे, लसी, कागदपत्रे यांविषयी मंडळीकडून तुला सविस्तर सूचना मिळतील. मी मात्र या पत्रात मुख्यतः एकाच गोष्टीविषयी लिहिणार आहे. ती मला तेथे उशिरा समजली आणि तिची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागली.

दिनक्रमाची धास्ती घेऊ नकोस. सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, न्याहारी, आधी एकट्याने आणि मग नेमून दिलेल्या साथीदाराबरोबर अभ्यास, त्यानंतर दिवसभर बाहेर, रात्री नऊच्या सुमारास परत आणि साडेदहाला दिवे बंद, हे सारे महिन्याभरात अंगवळणी पडते. साथीदाराचे तसे नसते. प्रभूने शिष्यांना दोघे-दोघे पाठवले, असे आपण लूककृत शुभवर्तमानात वाचतो, पण त्या दोघांमध्ये भांडी कोणी घासायची यावरून काय बोलणे झाले असेल, ते तेथे लिहिलेले नाही. माझा पहिला साथीदार अमेरिकेत बटाट्याच्या शेतावर वाढलेला, अबोल मुलगा होता, आणि त्याचे मौन हा माझ्याविषयीचा राग आहे असे समजून मी तीन आठवडे कुढत राहिलो. आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून एकमेकांना मनातले स्पष्ट सांगण्याची जी पद्धत तुम्हाला शिकवतील, ती उरकून टाकू नकोस. त्या बैठकीत मला कळले की त्याला घरची आठवण येत होती आणि ती इंग्रजीत तरी बोलून दाखवावी इतकेही बळ त्याच्यात उरले नव्हते.

आता बेटाविषयी. निग्रोसचा पश्चिम भाग साखरेवर जगतो. तू कोल्हापूरकडचा असल्यामुळे ऊस, गाळप आणि मुकादम हे शब्द तुला समजावून सांगावे लागणार नाहीत, आणि मजुरांच्या टोळ्या घरदार मागे ठेवून तोडीला का येतात, हेही तू लहानपणापासून पाहिले आहेस. तेथे अशा स्थलांतरित तोडणी मजुरांना ‘साकादा’ म्हणतात. कारखाने बंद झाल्यापासून पुढचा हंगाम सुरू होईपर्यंतच्या महिन्यांना स्पॅनिश काळापासून ‘टिएम्पो म्युएर्तो’, म्हणजे मेलेला काळ, असे नाव आहे. या काळात मजुराच्या हाताला काम नसते, दुकानातली उधारी वाढत जाते आणि घरात भात असला तरी त्याच्यासोबत खायला काही असेलच असे नाही. अशा घरी तुम्ही दोघे पोहोचाल, तेव्हा ती माणसे ताटावर बसलेली असतील तर ‘काऑन ता’, म्हणजे ‘चला, जेवू या’, असे म्हटल्याशिवाय राहणार नाहीत.

याच ठिकाणी मी चुकलो. इलोंगो माणूस, म्हणजे तुझी होणारी भाषा हिलिगायनॉन बोलणारा माणूस, मृदू बोलण्यासाठी साऱ्या फिलिपीन्समध्ये ओळखला जातो. दारात आलेल्याला तोंडावर नकार देणे त्याला जड जाते, कारण त्यात ‘हुया’ असते. हुया म्हणजे लाज, भीड आणि समोरच्याचा मान राखण्याची ओढ असे सगळे मिळून काहीतरी आहे. तो ‘बुआस’ म्हणेल, म्हणजे उद्या, आणि उद्या तुम्ही गेलात की मुलगा बाहेर येऊन सांगेल की आई घरी नाही, आणि आईची पावले पडद्याखालून दिसत असतील. मराठी घरात वाढलेल्याला हे ओळखता यायला हवे होते. आपणही विमा विकणाऱ्याला ‘या, बसा, चहा घ्या’ म्हणतो आणि तो गेल्यावर सुटकेचा श्वास सोडतो. तरीही बिल्ला लावल्यावर मी ते विसरलो आणि प्रत्येक उघड्या दारात मला श्रद्धा दिसू लागली.

माझ्यासाठी त्या पडद्याला आणखी एक कारण होते आणि ते तुझ्याही वाट्याला येईल. फिलिपीन्समध्ये भारतीयाला सर्रास ‘बुंबाय’ म्हणतात. हा शब्द आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरूनच गेला आहे. दुचाकीवरून फिरून घरोघरी व्याजी पैसे देणारे आणि हप्ते गोळा करणारे भारतीय, त्यांत बहुतेक पंजाबी, तेथे सर्वांना माहीत आहेत, आणि त्या व्यवहाराला ‘पाच-सहा’ म्हणतात, कारण पाच घेतले तर सहा परत करायचे. मी गल्लीत शिरलो की मुले ‘बुंबाय! बुंबाय!’ असे ओरडत पुढे धावत आणि माझ्या गोऱ्या साथीदाराला ‘हे जो!’ अशी, तेथे अमेरिकनाला मारतात ती, हाक पडे. त्या ओरडण्याने एखादी बाई हप्तेवाला आला समजून मागच्या दाराने निघून जाई. याचा मला अपमान वाटत असे. तुला तसे वाटले तर इतकेच आठव की तिला तुझी नव्हे, कर्जाची भीती वाटते आहे, आणि तिच्या दाराशी येणारा प्रत्येक परका काहीतरी मागायलाच येतो, हा तिचा आजवरचा अनुभव आहे.

मीही मागायलाच गेलो होतो. मिशनच्या आठव्या महिन्यात, त्या मेलेल्या काळात, तीन मुलांची आई असलेली एक बाई आमचे धडे ऐकत होती. ती प्रत्येक प्रश्नाला होकार देई, मॉर्मनच्या पुस्तकातले, म्हणजे आपल्या धर्मग्रंथातले, नेमून दिलेले उतारे वाचले असे सांगे, आणि आमच्यासाठी शेजारून उसनी आणलेली पावाची लादी पुढे ठेवी. ती उसनी आहे हे मला नंतर कळले. तिचा बाप्तिस्मा लवकर व्हावा म्हणून मी तारीख पुढे ओढली, कारण महिनाअखेरच्या आकड्यांत तो मला हवा होता. हे शब्द मी जसे होते तसेच लिहितो आहे. ती पाण्यात उतरली आणि पुढच्या दोन रविवारांनंतर सभागृहात पुन्हा दिसली नाही. आम्ही गेलो की पडदा हलत असे. शेवटी तिच्या नवऱ्याने मला फाटकापाशी थांबवून सौम्य शब्दांत सांगितले की तिला नाही म्हणता आले नाही, आणि आता तिला बाजारात शेजारणींसमोरही लाज वाटते. तिचा जुना आसरा, म्हणजे तिचे कॅथलिक चर्च आणि तेथील बायका, माझ्यामुळे तिच्यापासून दुरावला आणि नवा तिला मिळाला नाही.

म्हणून भाषा शिकताना उपदेशाची वाक्ये पाठ करण्याआधी नकार ओळखायला शीक. होकार लवकर आला तर थांब आणि साध्या शब्दांत सांग की नाही म्हटलेस तरी मी तुझ्याशी असाच वागेन, आणि मग खरोखर तसा वाग. विवाहित माणसाला जोडीदाराच्या संमतीशिवाय आणि अल्पवयीन मुलाला पालकांच्या परवानगीशिवाय बाप्तिस्मा द्यायचा नाही, हा मंडळीचा नियम आहे. त्याच्याकडे भरायचा कागद म्हणून पाहू नकोस. त्या घरात जाऊन नवऱ्याशी, आजीशी बोल, त्यांना प्रश्न विचारू दे. ते प्रश्न अवघडही असतील. बहुपत्नीत्वाविषयी विचारतील, ते १८९० मध्ये बंद झाल्याची घोषणा झाली. काळ्या वर्णाच्या पुरुषांना १९७८ पर्यंत याजकत्व का दिले जात नव्हते, हेही विचारतील. जे घडले ते झाकू नकोस. ज्याचे समाधानकारक उत्तर तुझ्यापाशी नाही, तेथे तसे कबूल कर. माझ्या श्रद्धेला अशा कबुलीने कधीही तडा गेला नाही. ती हलली होती फक्त त्या फाटकापाशी.

त्यानंतरचे सोळा महिने मी वेगळा वागलो आणि माझी साक्ष, तुला वाचायची असेल तर, त्याच काळातली आहे. आम्ही त्या बाईच्या वस्तीत हातपंपावरून पाणी वाहिले, कुणाचे छप्पर बांधायला मदत केली आणि बोलावले तेव्हाच बोललो. ती मंडळीत परत आली नाही, पण पडदा हलायचा थांबला. वीज गेलेल्या एका रात्री मेणबत्तीपाशी गुडघे टेकून मी क्षमा मागितली, तेव्हा कोणताही आवाज आला नाही, फक्त दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत जाण्याइतके धैर्य आले. तेच मी उत्तर मानले आणि आजही मानतो. आपल्या मंडळीचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने वनराईत जाऊन देवाला स्वतः विचारले, यावर आपला विश्वास उभा आहे, तर ज्याला आपण शिकवतो त्यालाही स्वतः विचारायला आणि स्वतःचे उत्तर ऐकायला वेळ मिळायला हवा, मग ते उत्तर आपल्याला हवे तसे नसले तरी. आपल्या मंडळीचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यातही राहून गेला. त्याच्या श्रमांतून उभे राहिलेले फारच थोडे टिकले. पुण्याच्या छावणीजवळून जाताना मला नेहमी त्याची आठवण येते आणि त्याला अपयशी म्हणावेसे कधी वाटत नाही.

उपवासाविषयी तू विचारले होतेस. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे गरिबांसाठी द्यायचे, हे तुला जड जाणार नाही. तुझ्या आईची एकादशी पाहत तू मोठा झाला आहेस आणि भूक देवापुढे कशी ठेवतात, ते तू तिच्याकडूनच शिकलास. मीही माझ्या आईकडूनच शिकलो.

तुझ्या आईविषयी थोडे लिहितो आणि थांबतो. तुझा निर्णय तिने अजून मनाने स्वीकारलेला नाही, हे मला माहीत आहे. माझ्या वेळी घरी वर्षातून दोनदाच फोन करता येत असे. २०१९ पासून मिशनरींना आठवड्यातून एकदा, धुणे-खरेदीसाठी मोकळ्या ठेवलेल्या तयारीच्या दिवशी, घरी बोलता येते. फिलिपीन्सचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते, म्हणजे तेथे सकाळचे साडेनऊ झाले की तुझ्या घरी सात वाजलेले असतील आणि तिची पूजा आटोपलेली असेल. तेव्हाच फोन कर. तिला आपल्या मंडळीविषयी काही समजावू नकोस. भाताबरोबर काय खाल्ले, बूट किती झिजले, पाऊस किती पडला ते सांग, आणि ती पंढरपूरचे काही सांगू लागली तर मध्ये न बोलता ऐक. पहिल्या महिन्यात ती कदाचित फोन तुझ्या बहिणीच्या हातात देईल. तरी पुढच्या आठवड्यात त्याच वेळी पुन्हा कर.

हालोंग. तेथे निरोप घेताना असे म्हणतात, ‘जपून राहा’.

तुझा थोरला बंधू