रात्री आठचा फोन

"मुलीला अकादमीत ठेवून दोन महिने झाले, रोज फोनवर रडते. परत आणू का?"

हा प्रश्न आता माझ्याकडे वरचेवर येतो. फुटबॉलसाठी मुलीला घराबाहेर ठेवणं गोव्यात पूर्वीइतकं नवलाचं राहिलेलं नाही, पण आईबापांच्या पोटातला गोळा तोच आहे. त्यातलं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला आलेल्या काही बायका बाजार आटोपून माझ्याकडे सल्ल्यासाठी डोकावतात. ही आई डिचोली तालुक्यातली. पायाशी पिशवी, पिशवीत सुके बांगडे, खोलीभर त्यांचा वास. मुलगी तेरा वर्षांची. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने फातोर्ड्याला झाले, ते तिनं काकाबरोबर जाऊन पाहिले होते. तेव्हापासून डोक्यात एकच. पावसाळ्याच्या तोंडावर सासष्टीतल्या एका निवासी अकादमीत तिची निवड झाली आणि घरात दोन तट पडले. बाबा बाजूने. आजी म्हणे, "चेंडूला लाथा मारायला पोरगीच हवी का?" (योलांडा डिसोझा कळंगुटची, भारताकडून खेळलेली, हे मी त्या आईला सांगितलं. आजीपर्यंत ते पोचलं की नाही ठाऊक नाही.)

मी पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही, वही दिली. दहा दिवस फोनवर कोण काय बोललं, ते जमेल तसं लिहा म्हटलं. वही परत आली ती वाचण्यासारखी होती. फोनची वेळ रात्री आठ. आईचं पहिलं वाक्य जवळपास रोज तेच: "आज रडली नाहीस ना?" मागून आजी: "आवाज कसा गो तुझा असा, जेवत नाहीस काय?" मग पोर रडायची, मग आई, आणि बाबा उठून बाहेर जायचे. अकादमीत रात्रीचं जेवण साडेआठला. म्हणजे संध्याकाळचा सराव करून आलेली, अंग आंबलेली, भुकेली मुलगी ताटाआधी घरचा आवाज ऐकत होती. अशा वेळी मोठी माणसंही रडवेली होतात.

वॉर्डनशी बोलून फोन जेवणानंतर नेला. "रडलीस का" बंद. त्याऐवजी घरातलं काहीतरी सांगायचं: गाय व्याली, न्हाणीचं छप्पर गळतंय, चवथीला गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीला यंदा काय काय मिळेल. रडणं आठवड्याभरात निम्म्यावर आलं. घराची ओढ बहुधा अशीच वागते. संध्याकाळी भरून येते, दिवसा खेळात विसरते, आणि काही आठवड्यांत तिची धार बोथट होते. मी मनात प्रकरण मिटवलंसुद्धा.

तिथं माझं चुकलं. आई तिसऱ्यांदा आली ती वहीतलं एक पान उघडूनच. महिन्यातले चार-पाच दिवस मुलगी पुन्हा रडत होती, आणि त्याच दिवसांत "पाय दुखतो" म्हणून मैदानावर उतरत नव्हती. मी मुलीला भेटायचं ठरवलं. एका रविवारी आई तिला घेऊन आली. अर्धा तास ती बुटाच्या नाडीची गाठ सोडत-बांधत बसली. मग म्हणाली, "मॅडम, चड्डी पांढरी आहे."

एवढंच होतं. पहिली पाळी हॉस्टेलात आली होती, भर पावसात. सरावाची चड्डी पांढरी, कोच पुरुष, वॉर्डनबाई रात्रीपुरत्या. पॅड कुणाकडे मागायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ते फेकायला झाकणाचा डबाही नव्हता. आईनं घरी हा विषय "वेळ आली की सांगू" म्हणून ठेवलेला. इंग्लंडच्या महिला संघानं याच कारणासाठी २०२३ मध्ये पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली. "त्यांना पण?"

अकादमीला आईनंच फोन केला, मी फक्त शेजारी बसले. त्यांनी ऐकून घेतलं. चड्ड्या काळ्या झाल्या, कपाटात पॅड आले, दिवसाही एक बाई थांबू लागल्या. सगळीकडे इतक्या सहज होत नाही. म्हणून प्रवेश घेताना वसतिगृहाच्या खोल्या पाहता तशी न्हाणीघरंही पाहा, आणि रात्री मुलीला बरं नसेल तर ती कुणाचं दार ठोठावेल, हे नाव घेऊन विचारा.

पाळीबद्दल आणखी एक, कारण कोचांच्या तोंडूनही मी ऐकलंय, "खेळणाऱ्या मुलींची पाळी थांबतेच, बरंच आहे." बरं नाही. सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत ती मागेपुढे होते, ते चालतं. पण सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टर गाठा. बऱ्याचदा मेहनत जास्त आणि ताटात कमी, असं गणित निघतं, आणि त्यात पुढे हाडं कच्ची राहतात.

मूळ प्रश्नाकडे येते. रडते म्हणून लगेच आणू नका, आणि "सवय होईल" म्हणून सोडूनही देऊ नका. रडणं कधीचं, कशानंतरचं, ते पाहा. मात्र मुलीला खेळच नकोसा झाला, जेवण तुटलं, एखाद्या माणसाचं नाव निघताच ती गप्प होते, फोनवर कुणी बाजूला असल्यासारखी बोलते, तर वही लिहीत बसू नका. त्याच दिवशी जा आणि घेऊन या. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे. अठरा वर्षांखालील मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, अकादमीलाही आणि मलाही. "संस्थेचं नाव जाईल" ही सबब तिथं चालत नाही.

ही मुलगी चवथीला पाच दिवस घरी आली होती. परत गेली. आता तक्रार गणिताची आहे. दोन्ही सरावांच्या मध्ये अभ्यासाला दीड तास मिळतो, त्यात ती झोपते. आई येत्या शुक्रवारी त्यासाठी येणार आहे, या वेळी बाबांना घेऊन.