कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या ट्रॅफिकमध्ये पिकअपचा टेंपरेचर काटा वर चढतो, काय करू?

हायवेला काटा जागेवर आणि सिग्नलला चढत असेल, तर पहिला संशय फॅनवर घे. उभ्या गाडीला वारा देणारा तोच. पट्टा ढिला आहे का, इलेक्ट्रिक फॅन असेल तर रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) गेलाय का, बघ.

मग रेडिएटरची जाळी. उसाच्या वाहतुकीत पाचटाचा भुगा आणि चिखल गच्च बसतो. इंजिनच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धू. प्रेशर वॉशरने फिन्स, म्हणजे जाळीच्या पातळ पत्र्या, वाकतात.

अडकलासच तर एसी बंद, हीटर फुल्ल. एप्रिलमध्ये घामाघूम होशील, पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. काटा लालला टेकला तर गाडी बाजूला घे, बंद कर. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, उकळतं पाणी तोंडावर येतं.

आणि भावा, रेडिएटरमध्ये बोरचं पाणी ओतत राहू नकोस, क्षार साठतात. कूलंटच वापर.