निगेटिव्हची खोकी उघडण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तालुक्याच्या गावातला जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, मालकांच्या मुलांनी माळ्यावरची निगेटिव्हची खोकी तुझ्या हवाली केली आणि आता तू स्कॅनरच्या किमती काढते आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. अशी खोकी बहुतेक वेळा भंगारात जातात. तुझ्या हाती ती धडधाकट आली हे त्या गावाचं नशीब. पण स्कॅनर थोडा लांबणीवर टाक. आधी नोंदवही शोध. गिऱ्हाइकाचं नाव, गाव, फोटोची साइज, किती कॉप्या, ॲडव्हान्स किती, बाकी किती, असं लिहिलेली एखादी वही दुकानात असणारच. ती रद्दीत गेली असेल तर चेहरे ओळखू शकतील अशी माणसं शोध. निगेटिव्ह नीट ठेवली तर अजून पन्नास वर्षं टिकेल. नव्वदीतली आजी तेवढी थांबणार नाही.

मी हे इतक्या ठामपणे का म्हणतो ते समजायला तुला माइक डिसफार्मर माहीत हवा. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात हेबर स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे, क्लेबर्न काउंटीचं मुख्य ठिकाण. आसपासची शेतकरी कुटुंबं खरेदीला, कोर्टकचेरीच्या कामाला तिथे यायची आणि आलीच आहोत तर फोटो काढून जायची. तिथला फोटोग्राफर हा. जन्म १८८४चा, जर्मन वंशाच्या घरातला, मूळ आडनाव मायर. १९१४च्या सुमारास तो आईबरोबर या गावात आला. १९२६च्या चक्रीवादळात घर गेलं, त्यानंतर त्याने मेन स्ट्रीटवर स्वतःचा स्टुडिओ बांधला, उत्तरेकडून उजेड येईल अशा मोठ्या काचेचा. १९३९मध्ये त्याने रीतसर अर्ज करून आडनाव बदललं आणि डिसफार्मर, म्हणजे 'शेतकरी नसलेला', असं घेतलं, कारण आपण या शेतकऱ्यांतले नाही आणि त्या घराण्यातलेही नाही असं त्याचं म्हणणं होतं. एकटा राहायचा, गावात मिसळत नसे. आणि आयुष्यभर फोटो काढले ते त्याच शेतकऱ्यांचे, काही सेंटांच्या मोबदल्यात.

ते फोटो मिळतील तिथे बघ आणि एकेका फोटोपुढे वेळ घालव. मागे साधा पडदा, कधी काळा, कधी पांढरा, त्यावर जोडाच्या काळ्या पट्ट्याही दिसतात. फुलदाणी नाही, रंगवलेला महाल नाही, वेताची खुर्ची नाही. ओव्हरऑल घातलेले दोन भाऊ शेजारी उभे असतात, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, आणि त्या हाताचं काय करायचं हे त्याला अजून नीट ठरवता आलेलं नाही. महायुद्धाच्या वर्षांत गणवेशातली पोरं येतात, बरोबर बायको किंवा आई. हसणारे फार थोडे. तो कुणाला हसा म्हणून सांगत नसे, गप्पा मारत नसे; काळ्या कापडाखाली जायचा, बाहेर यायचा, पुन्हा आत जायचा. तोवर समोरच्याचा 'फोटोतला चेहरा' गळून पडायचा आणि रोजचा चेहरा उरायचा. माझ्या मते विसाव्या शतकातल्या खेडुतांची याहून प्रामाणिक चित्रं फार थोडी आहेत. सरकारी खात्यांनी पाठवलेल्या नामांकित फोटोग्राफरांनी त्याच काळात अमेरिकेतली शेतकऱ्यांची गरिबी टिपली, तीही मोलाचीच. पण तिथे माणूस पुराव्यासाठी उभा होता. इथे तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या घरात लावायला उभा आहे. हा फरक मनात पक्का ठेव. तुझ्या खोक्यांतला प्रत्येक माणूस असाच पैसे मोजून आलेला आहे.

आता पुढचं ऐक. डिसफार्मर १९५९मध्ये गेला. त्याच्या स्टुडिओतलं सामान गावातल्याच एका गृहस्थाने पाच डॉलरला घेतलं आणि काचेच्या प्लेटा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, बरीच वर्षं आपल्याकडे पडून ठेवल्या. १९७०च्या दशकात पीटर मिलर या स्थानिक वृत्तपत्राच्या तरुण संपादकाच्या त्या नजरेस पडल्या. त्याने नमुने न्यूयॉर्कला फोटोग्राफीच्या मासिकाची संपादक ज्युलिया स्कली हिच्याकडे पाठवले. १९७६मध्ये पुस्तक निघालं आणि ज्याला गाव विक्षिप्त म्हणत होतं तो मोठा कलावंत ठरला. त्या पुस्तकाचा काळ १९३९ ते १९४६. हीच वर्षं का? तेव्हा तो सर्वांत चांगलं काम करत होता म्हणून नव्हे. मुख्यतः त्या काळातल्या प्लेटा वाचल्या म्हणून. पुढे २००४-०५च्या सुमारास न्यूयॉर्कच्या संग्राहकांनी गावातल्याच लोकांना हाताशी धरून घराघरांतल्या अल्बममधल्या मूळ कॉप्या विकत घेतल्या, पोस्टकार्डाएवढ्या, कडा झिजलेल्या. तेव्हा कळलं की त्याचं काम त्या वर्षांच्या कितीतरी आधीपासूनचं आणि नंतरचंही आहे. काही सेंटांचे ते फोटो गॅलरीत हजारो डॉलरना गेले. प्लेटांवर कुणाचा हक्क, यावर त्याच्या नातलगांनी दावाही सांगितला.

या सगळ्यात कुणी खलनायक नाही. मिलर नसता तर प्लेटा कुजल्या असत्या. पण क्रम बघ: आधी कला म्हणून निवड झाली, मग प्रदर्शन, मग बाजार, आणि हा कोण, ही कुणाची सून, हे घर कुठलं, या प्रश्नांची पाळी सर्वांत शेवटी आली. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात, बामाको शहरातल्या सेदू केता या फोटोग्राफरचं तर आणखीच झालं. १९४८पासून स्टुडिओ चालवलेला माणूस; त्याचे फोटो १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात लागले ते 'फोटोग्राफर अज्ञात' म्हणून. तो तेव्हा बामाकोत हयात होता.

तुला क्रम उलटा ठेवायचा आहे.

खोकी आहेत त्या क्रमाने राहू दे. लग्नं एकीकडे, पासपोर्ट एकीकडे अशी वर्गवारी करायचा मोह होईल, तो टाळ. एकाच खोक्यात शाळेचा ग्रुप, पाठोपाठ नवरा-बायको, मग एका पैलवानाचा फोटो असेल तर तो एका आठवड्याचा बाजार आहे. त्या शेजारातूनच पुढे तारीख लागते. खोक्याचा फोटो काढ, त्यावर नंबर घाल, आतल्या निगेटिव्हला पोटनंबर दे. नंबर पाकिटावर पेन्सिलीने लिही, आणि निगेटिव्ह आत घालण्याआधी लिही. नंतर लिहिलंस तर दाब आतपर्यंत उमटतो.

तारीख लावायला आपल्याकडे चांगल्या खुणा आहेत. नोंदवहीत हिशोब रुपये-आणे-पैत असेल तर तो १ एप्रिल १९५७च्या आधीचा असण्याचा संभव जास्त. नये पैसे दिसले तर नंतरचाच. अर्थात जुन्या सवयीने आणे लिहिणारेही होते, म्हणून एका पानावर विसंबू नकोस. फोटो चिकटवलेल्या कार्डावरच्या शिक्क्यात 'मुंबई राज्य' असेल तर तो शिक्का १ मे १९६०पूर्वी बनलेला. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या फिल्म बनवणाऱ्या कंपनीचा 'इंदू' छाप खोका असेल तर तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धाआधीचा नाही. मात्र ब्रोमाइड पेपरची, म्हणजे फोटो छापायच्या कागदाची, रिकामी खोकी वर्षानुवर्षं फिरवून वापरली जात, त्यामुळे खोक्याचं वय म्हणजे निगेटिव्हचं वय असं धरू नकोस.

हाताळण्याचं थोडक्यात सांगतो. काचेची प्लेट कडेने धर, चकचकीत बाजू काचेची आणि मंद बाजू इमल्शनची, म्हणजे ज्यात चित्र असतं त्या थराची; मंद बाजूला बोट, ओला फडका, फुंकर काही लावायचं नाही. धड प्लेटा लांब कडेवर उभ्या ठेव, तडकलेल्या आडव्या. फिल्म असेल तर वास घे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, कुजायला लागलंय, ते खोकं बाकीच्यांपासून वेगळं कर आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्याचा. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' छापलेलं नसेल, फिल्म पिवळी-चिकट झाली असेल, तर ती नायट्रेटच्या जुन्या, ज्वालाग्राही प्लास्टिकची असू शकते. साधारण १९५०पर्यंत अशी फिल्म बनत होती आणि ती भडकन पेटते. ती घरात ठेवू नकोस, थेट जाणकाराला विचार.

आणि एक गोष्ट भिंग लावून बघ. चेहऱ्यावर, डोळ्यांखाली, गालाच्या खड्ड्यांत बारीक पेन्सिलीच्या रेघा दिसतील. ते रीटचिंग. दुकान बंद झाल्यावर रात्री दिव्यापुढे निगेटिव्ह धरून, टोकदार पेन्सिलीने देवीचे व्रण भरून काढणारा हात आहे तो. निगेटिव्हवर जिथे शिसं लागतं तिथे कागदावर उजळ उतरतं, म्हणून व्रणाची सावली मिटते. कुणीतरी 'डाग' समजून ते पुसायला निघेल. पुसू देऊ नकोस. कुठल्या मुलीच्या चेहऱ्यावर सर्वांत जास्त रेघा आहेत ते बघ. स्थळाला पाठवायचा फोटो बहुधा तोच.

डिसफार्मरच्या स्टुडिओत लोक आपल्या कपड्यांत उभे राहिले. आपल्याकडे तसं धरून चालू नकोस. कोट दुकानाचा असे, टाय दुकानाचा, कधी मनगटातलं घड्याळसुद्धा. तोच कोट, डाव्या खिशापाशी तसाच चुरगळलेला, तुला दहा जणांच्या अंगावर दिसेल. एकाला बाह्या आखूड, दुसऱ्याला लांब. म्हणून कोट बघून 'सधन शेतकरी' असं लिहू नकोस. पाय बघ. कोट उसना मिळायचा, वहाणा स्वतःच्याच असत, आणि पुष्कळदा त्याही नसत. कोट कुणाचा हे कळलं की फोटो खोटा ठरत नाही. त्या माणसाला स्वतःला कसं बघायचं होतं, हे त्यात खरंखुरं नोंदलेलं आहे, आणि ते सात-बाऱ्यावर सापडत नाही.

कोण नाही हेही लिहून ठेव. हेबर स्प्रिंग्जच्या फोटोंत जवळजवळ सगळे गोरे आहेत, कारण त्या काउंटीत कृष्णवर्णीय वस्ती नावापुरतीच होती; ती तशी का होती हे फोटो सांगत नाहीत. तुझ्या गावात स्टुडिओच्या पायऱ्या कोण चढू शकत होतं? पैसे नव्हते म्हणून कोण आलं नाही, आणि पैसे असूनही कुणाला बाहेर ताटकळावं लागलं? विधवा बायकांचे फोटो किती? १९५६च्या धम्मदीक्षेनंतर पांढरी वस्त्रं नेसून आलेली कुटुंबं दिसतात का? पालावरची माणसं? यांची उत्तरं फक्त माणसांकडून मिळतील, आणि वेगवेगळ्या आळ्यांतल्या माणसांकडून. केवळ पाटलांच्या ओसरीवर बसून यादी पुरी केलीस तर नावं पाटलांच्या नातलगांचीच भरतील.

विचारायची रीत सांगतो. लॅपटॉप नेऊ नकोस, छापील फोटो ने, हातात धरता येतील एवढे. 'हे कोण?' असं विचारलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे गप्प होतात. 'हा पार कुठला?', 'हे लुगडं कुठलं?', 'ही बैलजोडी कुणाची?' असं विचार. बैलांची नावं आधी आठवतील, मालकाचं मागाहून निघेल. बोलणं रेकॉर्ड कर, विचारून कर. दोघांनी वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिही, कुणी सांगितलं तेही लिही.

सांगितलेलं सगळं जाहीर करायचं नसतं. त्या खोक्यांत मोडलेली लग्नं असतील, मयताला बसवून काढलेले फोटो असतील, पहिल्या बायकोचा फोटो असेल जो घरात कुणाला दाखवलेला नाही. फेसबुकवर 'ओळखा पाहू' म्हणून असं काही टाकू नकोस. कायदाही इथे सूज्ञ आहे. १९५७च्या आपल्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७प्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. स्टुडिओवाल्यांच्या मुलांनी खोकी दिली म्हणजे सगळी परवानगी मिळाली असं होत नाही. छापण्याआधी घरच्यांना विचार, आणि मालकांच्या मुलांकडूनही खोकी दिल्याचं दोन ओळींत लिहून घे.

नाव लागलं की त्या घरी एक चांगली कॉपी पोचव, फुकट. हे उपकार म्हणून नाही. कित्येक घरांतून पुरात, वाटण्यांत, घर पाडताना मूळ फोटो गेलेले असतात आणि आजोबांचा चेहरा घरातल्या कुणी पाहिलेलाच नसतो. एक संच गावच्या वाचनालयात ठेव, नावांच्या यादीसह. मुंबई-पुण्याच्या संग्रहालयाने मागितला तर जरूर दे, पण गावातला संच काढून नव्हे. पुढे कुणी यातले निवडक वीस फोटो मोठे करून भिंतीवर लावेल, त्यांना कला म्हणेल, आणि ते बरोबरच असेल. खाली नाव असलं म्हणजे झालं.

या आठवड्यात एवढंच कर: खोकी माळ्यावरून खाली, कोरड्या खोलीत, भिंतीपासून वीतभर लांब ठेव; पत्र्याखालचा उन्हाळा त्यांना सोसणार नाही. झाकणं उघडून प्रत्येकाचा वास घे आणि कुठल्या खोक्याला आंबट वास येतोय ते मला लगेच कळव. आणि स्टुडिओत पूर्वी डार्करूमला मदतनीस असलेलं कुणी हयात आहे का, ते मालकांच्या मुलांना आजच फोन करून विचार.

तुझा,
काका